अमावास्येचा ठोका

‘धीर धर’ असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या वर्षी हे दोन शब्द मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकले की वीट आला. येणारी ओसरीवर बसायची, पदराचं टोक डोळ्यांना लावायची, धीर धर म्हणायची आणि चहा पिऊन जायची. मूठभर पीठ घेऊन एक आली नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

नाशकातली आमची तांबटांची गल्ली. दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजली आणि चौथ्या दिवशी काम करता करता माझ्या नवऱ्याच्या हातातून हातोडा गळून पडला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं. वैद्य म्हणाले, अर्धांगवायू. घरात दोन लहान मुली, आणि कोपऱ्यात सहा घागरी. त्या एका दुकानदाराच्या होत्या, मार्गशीर्षातल्या लग्नासाठी. आकार झालेला होता, मठार तेवढा राहिला होता. मठार म्हणजे घागर लोखंडी दांड्यावर चढवून अंगभर बारीक ठोके द्यायचे, एकाला लागून एक, म्हणजे पत्रा कठीण होतो आणि तेज येतं. बाजारात तेव्हा जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी, स्वस्त भांडी आली होती. या घागरी वेळेवर गेल्या नसत्या, तर आमच्या दारी पुन्हा काम आलं नसतं.

सासू-सासरे आधीच गेले होते. वडीलधारे म्हणून नवऱ्याचे चुलते, आमच्या समोरच राहणारे. त्यांना मी मामंजी म्हणायची. एक दिवस येऊन घागरींकडे बघत ते म्हणाले, “मी नेतो या. तुझ्याच्यानं काय होणार?” मी म्हटलं, हे बरे होतील, मग करतील. मामंजी हसले. ते हसणं मी विसरलेले नाही.

माझं माहेरही तांबटाचंच. लहानपणी वडील जेवायला उठले की मी चोरून हातोडा उचलायची आणि पाठीत धपाटा खायची. आमच्यात बायका भांडी चिंचेनं उजळतात, भाता ओढतात, राख भरतात. हातोडा मात्र पुरुषांचा. हा नियम कुणी केला, त्याला कधी लुळ्या नवऱ्याचं घर चालवावं लागलं होतं का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी दाराला कडी लावली आणि बसले. गल्ली ठणाणत असायची, त्या आवाजात माझे ठोके कुणाला कळत नव्हते. पहिल्या दिवशी नवरा खाटेवर पडून नुसता ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तिथं पातळ आहे. हलका हात.” न बघता! नुसत्या आवाजावरून! मग डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या दांडीवर त्यांनी ताल धरला आणि मी त्या तालावर ठोकू लागले. दोन घागरींना माझ्या हाताला फोड आले, तिसरीला फुटले, चौथीपासून हात बसला.

राहिली सहावी. त्या दिवशी मुली झोपेत असतानाच मी कामाला बसले, म्हटलं आता इतर घरंही सुरू होतील. मी ठोकत राहिले. खाटेवरचं बोट एकदम थांबलं.

“थांब,” ते म्हणाले. “गल्ली ऐक.”

कुठंच काही वाजत नव्हतं. कार्तिकातली अमावास्या होती. अमावास्येला तांबट हत्याराला हात लावत नाहीत, आणि आजारपणात तिथी कुणाच्या ध्यानात राहते? तोवर दारावर थापा पडल्या.

“अरे, हात आला का तुझा?” बाहेरून मामंजींचा आवाज, आनंदानं भरलेला. “पण आज अमावास्या रे! मी अंथरुणातून ओळखलं. हा ठोका दुसऱ्या कुणाचा नाही.”

मी दार उघडलं. हातोडा माझ्या हातात तसाच होता. मामंजींच्या मागे आठदहा माणसं. सगळ्यांच्या तोंडावरचा आनंद बघता बघता मावळला.

“बाईमाणसानं? आणि तेही अमावास्येला?” मामंजी ओरडले.

“अमावास्या चुकली, ती माझी चूक,” मी म्हटलं. “पण ठोका कुणाचा म्हणालात मामंजी? परत सांगा. सगळ्यांसमोर सांगा.”

माझ्या डोक्यावरून ते आत बघून पुतण्याला म्हणाले, “बायकोला आवर. नाहीतर दुकानदाराला सांगतो.” नवऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मामंजींचा राग आला त्याच्या दुप्पट मला त्या पाठीचा आला. ज्या माणसाचा ठोका मी फुटलेल्या हातांनी जपला, त्याला माझ्यासाठी एक शब्द काढता येऊ नये? दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. पेज भरवली, तीही मुकाट्यानं.

दुकानदाराचं सांगून टाकते. मामंजींनी खरंच चुगली केली. दुकानदारानं घागरींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “छे, हे बाईचं काम नाही.” आणि सहाही घेऊन गेला. माझ्याच दारात उभं राहून! काम चांगलं होतं, म्हणून ते माझं नव्हतं. मी मुलींकडे बघितलं आणि पैसे मोजून घेतले.

पण ते नंतर. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली वाजू लागली. मी कडी लावली आणि सहावी घागर दांड्यावर चढवली.

“दार उघड,” खाटेवरून आवाज आला.

“कशाला? पुन्हा सगळ्यांनी यायला?”

“बंद दारात आवाज घुमतो,” ते म्हणाले. “तुझा ठोका मला नीट ऐकू येत नाही.”

तुझा, म्हणाले. मी उठले आणि दार सताड उघडलं. समोर ओट्यावर मामंजी बसले होते. हातोडा उगारलेला त्यांचा हात तसाच थांबला. मी त्यांच्याकडे बघतच पहिला ठोका दिला.