गोदा घरी कधी यायची?

आमचे गार्डकाका कुठंही निघाले की दर चाळीस-पन्नास पावलांवर थांबून मागं वळून बघायचे. भाजीला जाताना बघायचे, लग्नाच्या वरातीत बघायचे. एकदा तर स्मशानातून परतताना बघितलं आणि चार म्हाताऱ्यांची बोलणी खाल्ली. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसून नोकरी काढलेला माणूस. मागून कुणी झेंडी तर दाखवत नाही ना, हे बघायची खोड त्यांच्या मानेतच मुरली होती. "म्होरं बघायला डायव्हर हाय की," म्हणायचे, "मागं कोण बघंल?"

पूर्णेला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. काकू गेल्यावर एकटेच असायचे. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाईलचे गेम बनवते, आणि घरून काम करायची मुभा मिळाली तशी पूर्णेला परत आले. आई लोकांना सांगायची, "कॉम्प्युटरचं काहीतरी करती." काकांनी मात्र मलाच बसवून सगळं विचारून घेतलं आणि निकाल दिला, "म्हंजे तू पोरांना खेळवती आन् त्याचा पगार घेती. लय चांगलं हाय."

गेमची गोष्ट रचायला आमच्या धंद्यात एक साचा फार चालतो, नायकाचा प्रवास. नायक घरी सुखात असतो, त्याला हाक येते, तो आधी नाही म्हणतो, मग कुणी जाणतं माणूस भेटतं, तो उंबरा ओलांडतो, संकटं सोसतो, राक्षस मारतो आणि गावासाठी काहीतरी घेऊन घरी येतो. मी हे मोठ्या ऐटीत काकांना समजावलं. ते सुपारी कातरत ऐकत होते. "ही तर आमची ड्यूटी हाय," ते म्हणाले. "ड्यूटीचा सांगावा घेऊन कॉलमन घरी यायचा, वही म्होरं करायचा, करा सही. ही तुझी हाक. एखाद्या बारीला आमी पोट दुखायलंय म्हणून सांगायचो. मंग बायको म्हणायची, जावा गुमान, रजा शिल्लक न्हाई."

"आणि जाणतं माणूस?" मी विचारलं.

"तीच की," काका म्हणाले.

त्या वेळी मी ज्या गेमवर काम करत होते त्यात एका राक्षसानं गावाची नदी गिळलेली असते आणि गोदा नावाची मुलगी ती सोडवायला निघते. आमची तिघांची टीम होती. महिनाअखेरीला गेम कंपनीला दाखवायचा होता. लोकांना आवडला नाही तर गेम गुंडाळणार आणि आम्हा तिघांनाही नारळ. ओळखीपाळखीच्यांना खेळायला दिला तर सगळे म्हणाले, "बरा आहे." आमच्या धंद्यात 'बरा आहे' म्हणजे मयताची चिठ्ठी. मला काही केल्या कळेना. साचा मी पायरीपायरीनं पाळला होता, फक्त परतीचा भाग वेळ नाही म्हणून काढून टाकला होता. राक्षस मेल्यावर कोण खेळतंय, असं मीच सगळ्यांशी भांडून ठरवलं होतं.

एका रविवारी दुपारी काकांनीच लॅपटॉप ओढून घेतला. चष्मा नाकावर, एक बोट बटणावर. मला मदत करू देईनात. ऊन उतरेपर्यंत खेळून त्यांनी एकदाचा राक्षस मारला, नदी धो धो सुटली आणि पडद्यावर 'समाप्त' आलं. काका तरी गोदाला माघारी वळवायला डावीकडचा बाण दाबतच राहिले.

"काका, संपला गेम."

"कसा संपल? गोदा घरी कधी यायची?"

"आली असं समजायचं."

माझ्यावर ते तेवढे एकदाच रागावले. "समजायचं? बाई, इंजन ठेसनात आलं म्हंजे गाडी आली असं समजलं तर माणसं मरतील. शेवटच्या डब्याची पाटी डोळ्यांनी बघितल्याबिगर ठेसनवाला गाडी पूर्ण आली म्हणत न्हाई. मधीच चार डबे तुटून लाईनीवर उभे असले तर? पोरीला रानात सोडून तू खुशाल समाप्त लिहायलीस."

मी फणकाऱ्यानं उठून घरी आले. म्हटलं, यांना काय कळतं गेममधलं. पण चैन पडेना. आधी खेळलेल्या लोकांची खेळताना घेतलेली चित्रणं पुन्हा लावली आणि माझा चेहराच उतरला. राक्षस मेल्यावर, 'समाप्त' यायच्या आत, जवळजवळ प्रत्येकानं गोदाला माघारी वळवलं होतं. मी ते आजवर बोटाची चूक समजत होते.

आठ दिवसांत आम्ही परतीची वाट बनवली. तीच वाट, तीच माणसं, फक्त आता गोदाच्या बाजूनं पाणी चालतं आणि जाताना तिला भेटलेली माणसं घागरी भरून घेतात. वाटेत अडचणी कोणत्या टाकू म्हणून काकांना विचारलं तर म्हणाले, "काई टाकू नको. जाताना लय झालं की. येताना रिकामी गाडी कशी पळती, तशी पळू दे तिला." दारात मात्र त्यांनी अडवलंच. "आधी तिच्या मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकू दे, मंग घरात घे. इत्ता लांबून आलं लेकरू." चित्रं काढणाऱ्या पुण्याच्या मुलानं विचारलं, "या भाकरीचे पॉइंट किती?" मी म्हटलं, "शून्य. पण भाकरी नीट भाजलेली काढ."

महिनाअखेरीला पुण्याहून साहेबांचा फोन आला. राक्षसाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "त्या आईनं दार उघडल्यावर मी जरा थांबलो. गेम घेतोय आपण. तुम्ही तिघं आहात तिथंच राहा." माझा जीव भांड्यात पडला. तशीच अनवाणी काकांकडं पळाले. त्यांनी विचारलं, "भाकर ठेवली का काढली?"

"ठेवली."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि मला चहा टाकायला पिटाळलं.

पुढं काकांचे गुडघे गेले आणि त्यांची लेक सुमनताई त्यांना राणीसावरगावला घेऊन गेली. जाताना मी गेम त्यांच्या फोनमध्ये घालून दिला खरा, पण मनाला घोर लागला. हात थरथरायचे त्यांचे. शेजारी मी नाही. राक्षसापाशीच अडकले तर? फोनवर विचारलं की म्हणायचे, "चालू हाय." एवढंच.

या हिवाळ्यात, दुपारचं जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. मी तेव्हा कंपनीच्या कामानं परराज्यात होते, मला पोचायला तिसरा दिवस उजाडला. सुमनताईंनी त्यांचा फोन माझ्या हातात ठेवला, "तुझा खेळ हाय यात. दिसभर हातात असायचा." उघडायची मला भीती वाटली. गोदा राक्षसापुढं उभी दिसली असती तर मला सोसलं नसतं.

शेवटी उघडला. कोणता टप्पा किती वेळा पार केला, त्याचा आकडा आमच्या गेममध्ये राहतो. हवा तो टप्पा पुन्हा खेळता येतो. राक्षसापुढं आकडा होता एक. परतीच्या वाटेपुढं त्रेसष्ट.

मी तिथंच बसून पोटभर रडले. मग शेजाऱ्यांनी आणून ठेवलेली पिठलं-भाकरी ताईंच्या पानात वाढली, माझ्याही वाढून घेतली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला घास गोड लागला.