प्रकाशतंतूंना लावलेले कुंकू

मंगळवार पेठेतील एका पतसंस्थेने गेल्या वर्षी माहिती साठवण्याचे मोठे यंत्र घेतले. सर्व शाखांची खाती त्या एका कपाटात राहणार होती. यंत्राच्या भागांना मराठी नावे द्यावीत असे अध्यक्षांच्या मनात आले आणि त्यांनी मला, कोश रचणाऱ्या पुरोहिताला, बोलावून घेतले. "गुरुजी, शब्द वजनदार पायजेत. कुणाला कळलं न्हाय तरी चालतंय." एवढी सोपी अट कोशकाराच्या वाट्याला क्वचितच येते.

यंत्र समजावून देण्याचे काम तेथील अभियंता मुलीकडे आले. ती मुरगूडच्या शेतकरी घरातली, कामात चोख आणि जिभेने तिखट. "फायबर चॅनेल म्हंजे वाट हो, गुरुजी. केसाएवढ्या काचंतनं उजेड पळतोय. सर्व्हर मागतोय, कपाट देतंय." मागणाऱ्यास इनिशिएटर आणि देणाऱ्यास टार्गेट म्हणतात हे कळल्यावर मी 'याचक' आणि 'दाता' सुचवले. झोनिंग, म्हणजे कोणत्या सर्व्हरने कोणती डिस्क पाहावी याची मर्यादा, मला लगेच उमगली. सोवळ्याच्या घरात वाढलेल्यास ती वेगळी शिकावी लागत नाही. या सर्व वाटांच्या गुंफणीस फॅब्रिक म्हणतात. मी 'वीण' लिहिले. अध्यक्षांनी ते खोडून 'प्रकाशतंतुमहाजाल' केले आणि पितळी पाटीवर कोरून घेतले.

"पाटी वाचली की माझंच मशीन मला वळखंना झालंय," मुलगी म्हणाली.

तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. प्रत्येक सर्व्हरपासून कपाटापर्यंत दोन स्वतंत्र वाटा असतात. एक बंद पडली तरी दुसरीने काम चालते. "पण वायरच्या टोकाला बोट लावायचं न्हाय बघा. धुळीचा कण बसला तरी उजेड आडतोय." मी हात पाठीमागे घेतले. स्नानावाचून मी देवाच्या मूर्तीलाही हात लावत नाही.

पुढे खंडेनवमी आली. मुलगी नवमीसाठी गावी गेली. हार बाहेरच्या दाराला घाला, कपाट उघडू नका, असे तिने जाताना बजावले होते. पौरोहित्याचे निमंत्रण मला होते, परंतु त्या दिवशी माझ्या घरी पोथ्यांची पूजा असते, म्हणून मी नकार कळवला. अध्यक्षांचे काही अडले नाही. मंत्र मोबाईलने म्हटले. यजमान आणि पुरोहित अशी दोन्ही पदे अध्यक्षांनी भूषवली. पदे भूषवण्याचा त्यांना सराव आहेच.

एकही वायर पूजेवाचून राहू नये अशी त्यांची आज्ञा झाली. संचालकांनी कपाट उघडले, एकेक प्रकाशतंतू उपसला, त्याच्या टोकाला ओले कुंकू लावले आणि नमस्कार करून पुन्हा खोचला. एकाच वाटेची पूजा झाली असती, तर दुसरीने संस्था तारून नेली असती. पण भक्तीत डावे-उजवे नको, म्हणून दोन्ही वाटांना सारखेच कुंकू मिळाले. आरती संपण्यापूर्वी सर्व शाखांचे संगणक मुके झाले. दसऱ्याच्या खरेदीसाठी पैसे काढायला आलेला एक शेतकरी खिडकीतून ओरडला, "पावणं, आमचं पैसं बी देवाला वाहिलं काय?"

मुलगी गावाहून धावत आली आणि एकेक टोक पुसत बसली. संध्याकाळी यंत्र बोलू लागले. तेव्हा संचालकांनाही कंठ फुटला: यंत्र सोडून गावी गेलीच कशी? तिला कामावरून काढण्यासाठी सभा ठरली.

सभेपूर्वी अध्यक्षांनी मला बाजूला घेतले. "तुम्ही एवढंच म्हणा, पूजा शास्त्राप्रमाणं झाली. फुडचं आम्ही बघतो." पूजा निर्दोष ठरली की दोष मुलीचा, असा हा सरळ न्याय होता. ती दाराशी उभी होती. तिची नोकरी माझ्या एका वाक्यावर आली होती.

तिने न पुसलेला एक तंतू राखून ठेवला होता. तो तिने तपासणीच्या भिंगाखाली धरला आणि मी डोळा लावला. काचेच्या तोंडावर लाल पापुद्रा चढला होता.

मी सभेत म्हणालो, "मी शिकलो त्या शास्त्रात उपास्याला उपाशी ठेवत नाहीत. प्रकाश हाच ज्याचा आहार, त्याच्या तोंडात तुम्ही कुंकू कोंबलेत. ही मुलगी नको म्हणून सांगून गेली होती."

"मग मशीनची पूजाच करायची न्हाय व्हय?" एक संचालक उसळले.

"अवश्य करावी. गणपतीचे आवाहन आपण सुपारीवर करतो. पाटावर सुपारी मांडा आणि यंत्राला तिच्यात बोलवा. तिला कितीही कुंकू लावलेत तरी शाखा बंद पडत नाहीत."

"व्हय की! सुपारीला कुठं वायरी हाईत?" दुसरे संचालक हसले आणि सभा हसली. हे आपल्या मनात आधीपासूनच होते, असे सांगून अध्यक्षांनी ठराव मागे घेतला. मुलीची क्षमा मागणे मात्र त्यांच्या मनात आधीही नव्हते आणि नंतरही आले नाही.

यंदा खंडेनवमीला मुलगी गावी गेली नाही. काचेच्या दाराबाहेर पाटावर सुपारी मांडली होती आणि घरच्या पोथ्या पहाटेच पुजून येऊन पूजा मी सांगितली. दार उघडून कपाटाशेजारी फोटो काढावा, असे अध्यक्षांनी सुचवून पाहिले. किल्ली तिच्या मुठीत होती.

"काचंतनं काढा की साहेब. झ्याक येतोय."

फोटोत कपाट आले नाही. काचेवर उमटलेले अध्यक्ष तेवढे आले. त्यांना तो फारच आवडला. पितळी पाटीशेजारी त्यांनी तो लावून घेतला आहे.