अंगठ्याची सुतळी

साठ सालच्या सुमाराला आमच्या नांदगावच्या मळ्यात एक जोडपं विहीर खणायला आलं. त्या बाईचं नाव मी कधी विचारलंच नाही. नवरा खोल खाली खणायचा. त्याची हाक वर येईस्तोवर नुसता घुमारा व्हायचा, म्हणून एक सुतळी त्याच्या हाताला आणि तिचं दुसरं टोक हिच्या पायाच्या अंगठ्याला. एक हिसका म्हणजे टोपलं ओढा, दोन म्हणजे मला वर घ्या. मधेच ती खुदकन हसायची, "तमाखू मांगून राह्यला."

एकदा ती भाकर खायला गेली, तेव्हा मी हौसेनं सुतळी माझ्या अंगठ्याला बांधली. सुतळी अशी काही थयथयली, की दरड कोसळली समजून मी बोंब ठोकली. गड्यांनी त्याला दोरानं वर खेचला. चिखलानं माखलेला तो भडकला, "काहून ओढलं मले? पानी लागलं ते तिले सांगून राह्यलो होतो!"

ती धावत आली आणि पोट धरून हसली. "तुमच्या अंगठ्याले आमची बोली कशी समजन, भाऊ?"

तो पुन्हा खाली उतरला. तिनं सुतळी बांधली, डोळे मिटले. अंगठा थरथरला, तशी ती टुणकन उठून ओरडली, "पानी लागलं!"

जणू आम्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.