पाटलाची चूल

खडकसावंगीची पोलीस पाटीलकी रखमाजीच्या घरात किती पिढ्यांपासून होती, हे कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. राज्य निजामाचं असलं तरी गावापुरतं सरकार म्हणजे पाटील. वडील वारले तेव्हा रखमाजी ऐन पंचविशीत होता. पाटलाचा आवाज वेशीपर्यंत पोचला पाहिजे, एवढी एकच विद्या त्याला वडिलांकडून मिळाली होती. आवाज देवाने भरपूर दिला होता. अडचण इतकीच, की तो कानावर पडला की लोक घराची दारं लावून घेत.

यात लोकांचं तरी काय चुकलं? गावात दवंडी फिरायची ती बहुतेक वेळा वेठीसाठी. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले की तंबू वाहायला, घोड्यांना चारा कापायला फुकटात माणसं लागायची. हलगी वाजली की शहाणे गडी मागच्या दाराने पसार. रखमाजी शिव्या देत गल्लीगल्ली फिरायचा आणि घरी येऊन आईपाशी कुरकुरायचा, की लोकांना धाकच राहिला नाही. चतुराबाई मान डोलवायची. तिच्या मते धाक तिच्या नवऱ्याबरोबरच गेला होता.

अशात एका पौषात गावात उंदीर पडू लागले. पहिला बद्रीनाथ वाण्याच्या धान्याच्या खोलीत सापडला, मग घरोघरी. गाठीचा पलेग काय करतो ते म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर उपाय एकच, घरं सोडायची आणि माळावर खोपटी घालून राहायचं. उंदीर पडल्यापासून माणूस पडेपर्यंत जो थोडा अवधी मिळतो, तेवढाच काय तो हातात असतो. रखमाजीने तो ओळखला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण त्याने केलं काय, तर दवंडी पिटवली.

"समद्यांनी जल्दी माळावर हाजीर व्हा. पाटलाचा हुकूम हाय."

झालं. अर्धं गाव शेतात पळालं. उरलेल्यांनी आतून कड्या घातल्या आणि जिथे उंदीर मरत होते, त्याच कणग्यांमागे ते दडून बसले. माळावर हजर झाली ती पाटलाची घोडी आणि दोन कुत्री.

दुसऱ्या दिवशी रखमाजी जन्मात पहिल्यांदा दारोदार फिरला. आवाज शक्य तेवढा खाली आणून त्याने पलेगाची गोष्ट समजावली. जो तो म्हणे, "बराबर हाय पाटील, बिलकुल निघतो." निघालं मात्र कुणी नाही. गयासोद्दीन पिंजाऱ्याच्या दारापर्यंत येईतो त्याचा संयम संपला. गयासोद्दीन गाद्या पिंजायला राजूरकडे गेलेला, घरात त्याची बायको मैमूना आणि तीन लेकरं.

"भाभी, लेकरं हायेत घरात. मरायचंय का समद्यांनी?"

मैमूना दाराआडून म्हणाली, "पाटील, गुस्सा करू नका. तुमच्या घरचा धूर रोज दिसून राह्यला. पाटलाची चूल पेटून राह्यली म्हंजी धोका न्हाई, असं समदं गाव म्हणतंय. धोका असता तर तुमी आधी निघाले नसते का?"

रखमाजी तसाच माघारी वळला. गाव सोडायची वेळ आली तर पाटलाने सगळ्यांत शेवटी निघायचं, हा त्याच्या घरचा रिवाज. म्हणून तो मोठ्या हिमतीने घरात बसून होता आणि त्याची हिमत बघून गाव निर्धास्त होतं. आपल्या मर्दुमकीपायी ही पोरं मरणार, हे त्याला आता कळलं.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "सामान काढ. आत्ता निघायचं."

"तुझ्या आज्यानं दुष्काळात बी ही चूल सोडली न्हाई," चतुराबाई कडाडली. "तू उंदराला भिऊन पळतूस? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. जित्ते राह्यले तर घालतील ना."

घर हलवायचं म्हणजे आधी जातं हलवायचं. ते उचलायला गडी पुढे झाला, पण रखमाजीने त्याला बाजूला सारलं. खडकसावंगीच्या पाटलाने आजवर स्वतःचा तांब्यासुद्धा उचलला नव्हता. त्याने डोक्याचा फेटा काढला, त्याची चुंबळ केली, जात्याची वरची तळी डोक्यावर घेतली आणि भर दुपारी गावातल्या मोठ्या गल्लीने चालू लागला. हलगी नाही, हुकूम नाही. मान ताठून गेली होती, धोतर पायात अडकत होतं आणि घामाने डोळे चुरचुरत होते.

एकेक दार किलकिलं झालं. बद्रीनाथने दुकानातून विचारलं, "पाटील, हे काय? कुठं निघाले?"

"माळावर. उद्या दळावं लागंल ना," रखमाजी म्हणाला आणि थांबला नाही.

मैमूना लेकरं घेऊन त्याच्या मागोमाग निघाली. मग बद्रीनाथने दुकानाला कुलूप घातलं. दिवस मावळेपर्यंत माळावर तुराट्यांची खोपटी उभी राहू लागली. सगळ्यांत शेवटी चतुराबाई आली, स्वतःच्या हाताने चुलीत पाणी ओतून, आणि पुढे कितीतरी दिवस लेकाशी बोलली नाही. त्या साली आसपासच्या गावांत रोज रडारड होती. खडकसावंगीत, लपूनछपून घरी झोपायला जाणारा एक हट्टी म्हातारा सोडला, तर कुणाला गाठ आली नाही.

रखमाजी त्यानंतर काही संत झाला नाही. आवाज होता तसाच राहिला आणि शिव्याही. पण आता आधी त्याचे पाय हलायचे, मग तोंड. साहेबांच्या तंबूची पहिली मेख तो स्वतः ठोकायचा, आणि काम करणाऱ्याला पोटाला मिळाल्याखेरीज दुसरी ठोकू द्यायचा नाही. साहेबांनी डोळे वटारले तर त्याला त्यांच्याहून मोठे डोळे वटारता येत. दवंडी ऐकून पळणं हळूहळू कमी झालं.

दोन वर्षांनी कचेरीच्या कामासाठी तो जालन्याला गेला आणि तिथे अडकून पडला. परतला तेव्हा गाव सुनसान. दारं उघडी, चिटपाखरू नाही. वाटेत मेलेला उंदीर दिसला, तसा तो माळाकडे पळत सुटला.

माळावर खोपटी ओळीने उभी होती. मैमूना कूड बांधत होती, बद्रीनाथ पाणी भरत होता आणि चतुराबाई कमरेवर हात ठेवून सगळ्यांना कामाला लावत होती. रखमाजीचा जीव भांड्यात पडला. मग त्याला जरा लागलंच. पाटलाची कुणाला आठवणसुद्धा झाली नव्हती.

"मला सांगावा तरी धाडायचा," तो म्हणाला.

"तुझी वाट बघत बसलो असतो तर आर्धं गाव आडवं झालं असतं," चतुराबाई म्हणाली. "उशिरा आला तू. तुझी जागा पार त्या कडंला हाय. जा, तुराट्या आन आधी."

आजूबाजूचे लोक हसले. रखमाजीचा ऊर भरून आला होता, पण ते कुणाला दिसू न देता तो तुराट्या आणायला गेला.