बाबांच्या घासावर काकाकुवा

बाबांच्या तिथीला मेलबर्नच्या घराच्या लाकडी कठड्यावर भाताचा घास ठेवला आणि मी कावळ्याची वाट पाहत बसले. आला तो काकाकुवा. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा. त्याने भात लाथाडला आणि चोच थेट कठड्यात खुपसली. कडाकड ढलप्या उडाल्या. मी झाडू हाणला. पंखावर रक्त आलं तरी मेला हलेना. माझ्यावरच किंचाळत लाकूड फाडत राहिला.

"आमच्या लहानपणी हे इथे नव्हते," शेजारचे म्हातारे कुंपणापलीकडून म्हणाले. "रानातली जुनी झाडं आम्ही तोडली. घरट्यांच्या ढोल्या गेल्या, तसे हे शहरात शिरले."

पुन्हा उगारलेला झाडू तसाच राहिला. चंद्रपूरला बाबांची लाकडाची वखार होती. करवतीखाली पोकळ खोड आलं की कधीकधी भुशात पोपटांची हिरवी पिसं उडायची, भुसा लाल व्हायचा. बाबा खराट्याने तो बाजूला लोटायचे आणि पुढचं खोड चढवायचे. त्याच लाकडावर मी शिकले, इथवर आले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "घासाला कावळा शिवला का गं?"

अर्ध्या उरलेल्या कठड्याकडे पाहत मी म्हटलं, "ज्याचा घास होता, तो घेऊन गेला, आई."