वाद घालायला कुणी नाही

एइनो नीमी गेला आणि त्याच्या मुलीला, मार्लिसला, घरातली शांतता खायला उठली. उभा जन्म डुलुथ बंदराच्या गोदीवर जहाजं भरण्यात गेलेला हा माणूस भांडखोर मुळीच नव्हता, पण वाद घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मार्लिस संपवाल्यांच्या बाजूनं बोलली की तो मालकाची बाजू घ्यायचा. तिनं मालकाची घेतली की हा लगेच संपवाला. "हं, आता सांग पोरी, मी चुकतोय कुठं?" कॉफी गार व्हायची, आई वैतागून उठून जायची, तरी दोघं हटायची नाहीत.

मार्लिसनं चाळिशी ओलांडली होती. टेलिफोन कंपनीत नोकरी करत, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिनं पदवी मिळवली होती. बाप गेल्यावर तिनं ठरवलं, वकिलीला जायचं.

गावच्या वाचनालयात हॅल्व्हरसन नावाचे निवृत्त प्राध्यापक दर शनिवारी अशा उमेदवारांना वाट दाखवत. त्यांनी विचारलं, "प्रवेशपरीक्षेची तयारी कशी चाललीय?"

"रोज पुस्तक वाचते, सर."

"नुसतं वाचून काय होणार? जुने पेपर घ्या, घड्याळ लावून सोडवा. आणि चुकलात तर का चुकलात ते शोधा."

मार्लिस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर सोडवायला बसली. 'या युक्तिवादात खोट कुठे आहे?' असा प्रश्न आला, की तो तिला बापाच्या आवाजात ऐकू यायचा. अक्षरं धूसर व्हायची. घड्याळ मात्र थांबायचं नाही.

मग अर्जासोबतचा निबंध लिहून तिनं सरांना दाखवला. न्याय, समता, गरिबांचे हक्क, सगळं त्यात होतं. सरांनी कागद खाली ठेवला.

"अहो बाई, हे तर माझ्याकडे येणारा प्रत्येक जण लिहितो. यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी टेलिफोन कंपनीत..."

"ते अर्जात आलंच आहे. वकिलीच का? नर्स का नाही? शिक्षिका का नाही?"

"कारण माझ्याशी आता वाद घालायला कुणी उरलं नाही!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मार्लिस ओशाळून उठायला लागली.

"बसा," सर हळूच म्हणाले. "आता तिथूनच सुरुवात करा."

शिफारसपत्र तिला कंपनीच्या बड्या साहेबाकडून घ्यायचं होतं. "तो ओळखतो का तुम्हाला?" एवढंच सरांनी विचारलं. शेवटी तिनं ते संध्याकाळच्या वर्गात तिला शिकवणाऱ्या बाईंकडून घेतलं.

मिनियापोलिसमधल्या ज्या दोन वकिलीच्या कॉलेजांत तिनं अर्ज केला होता, त्या दोन्हींनी नकार कळवला. शेजारच्या राज्यातल्या, डकोटातल्या एकानं प्रतीक्षायादीत ठेवलं. सगळा उन्हाळा फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. ऑगस्ट निम्मा सरला तेव्हा कुठे बोलावणं आलं.

"जा तू," आई म्हणाली. "मला काही एकटीला भीती वाटत नाही. फक्त रविवारी फोन करत जा. आणि माझ्याशी वाद घालू नकोस."

डकोटात जमीन ताटासारखी सपाट. वर्गात तिच्या निम्म्या वयाची पोरं; तिला आधी संकोच वाटला, मग ती बोलायला लागली. संध्याकाळी खोलीवर आली, की खिडकी उघडून ती कान द्यायची. डुलुथला या वेळेला बंदरात शिरणारं जहाज भोंगा द्यायचं आणि पूल वर उचलला जायचा. इथं बीटाच्या शेतांवरून नुसता वारा यायचा. थंडी वाढली तरी ती खिडकी तशीच उघडी ठेवायची आणि अंगावर बापाचा जाड कोट घेऊन वाचत बसायची.