अक्काचा बाहेरचा अभ्यास

अक्का आज सकाळी वारली. बोदवडला, त्याच घरात.

"त्याच घरात" हे मुद्दाम लिहिते आहे.

अक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीला वडिलांनी मला तिच्या सासरी आणून ठेवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

घर भरलेलं. कापूस, केळी, दावणीला जनावरं. माणसं वाईट नव्हती. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं.

फक्त सुनेला उंबऱ्याबाहेर पडायला कारण लागायचं. आणि कारण कधी नसायचंच. बाजार पुरुष करायचे, पाणी घरच्या विहिरीचं, देवळात जायचं तेही सासूबरोबर.

मी राहायला गेले तेव्हा तिच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. लग्नातली चप्पल अजून नवीकोरी.

एकदा भूगोलाच्या सरांनी खरंच अभ्यास दिला. वेगवेगळ्या प्रकारची माती गोळा करून आणा. पोरीला एकटं कसं पाठवायचं, म्हणून अक्काच्या सासूबाईंनी, म्हणजे जिजींनी, अक्काला सोबत धाडलं.

नाल्यापर्यंतच गेलो होतो. येताना अक्का इतकी हळू चालत होती की मी भुकेने चिडले.

पुढच्या आठवड्यात भाकरी थापता थापता तिनेच विचारलं, "मंगे, सरनं बाहेरचा काही अभ्यास नही दिला का वं?"

नव्हता दिला. पण मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "दिलाय ना. पोस्ट ऑफिस पाहून या म्हणाले."

झालं! मग आमचे सर सुटलेच. पोस्ट झालं, कापसातली सरकी काढायचा जीन कारखाना झाला, बैलबाजार झाला, सरकारी दवाखाना झाला. बिचाऱ्या सरांना पत्ताच नाही.

पण जिजी काही लेच्यापेच्या नव्हत्या. घरी आलो की ओसरीवर उलटतपासणी.

"सांग बरं, काय पाह्यलं?"

त्यामुळे आम्हाला खरोखर पाहावं लागायचं. शिक्का कोण मारतं, बैलाचे दात का बघतात, सरकीचं पुढे काय होतं. एक खोटं पचवायला केवढा खरा अभ्यास लागतो!

आता मी शिकवते त्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये पालक मला विचारतात, "मॅडम, हे एक्सपिरिएन्शिअल लर्निंग तुम्ही कुठे शिकलात?"

मी ऐटीत कुठल्यातरी वर्कशॉपचं नाव सांगते. जिजींसारखी एक्स्टर्नल एक्झामिनर मला पुन्हा कुठे भेटली नाही, हे त्यांना काय सांगणार?

नववीत आम्ही स्टेशनचा अभ्यास काढला.

अक्का कधी आगगाडीत बसली नव्हती. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर लागली होती. ती म्हणाली, "आतून कशी राह्यते, पाहू दे जरासं." आणि चढली.

शिट्टी झाली. ती दारातच उभी.

"अक्का, उतर!"

ती माझ्याकडे बघत होती, पण उतरत नव्हती. डबा हलला. मी तिचा हात धरून जोरात ओढला, तेव्हा ती खाली आली.

गाडी पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी फलाटावरच उभ्या राहिलो. माझा हात तिने घरापर्यंत सोडला नाही.

ओसरीवर जिजींनी विचारलं, "काय पाह्यलं?"

अक्का बोलून गेली, "डब्यात लाकडाची बाकडी हायेत."

"डब्यात चढली व्हती का तू?"

मी मध्येच म्हटलं, "सरांनीच सांगितलं होतं, आतून पाहा म्हणून."

जिजींनी सुपातलं धान्य पाखडलं. मग म्हणाल्या, "आता स्टेसन पुरे. तुह्या सरले म्हना, गावातलंच सांगत जा."

तेवढ्यावर भागलं. पण अक्काने त्यानंतर स्टेशनचं नाव काढलं नाही, आणि खरं सांगते, मीही काढू दिलं नाही. मला भीती वाटायची. ती पुन्हा चढली तर उतरेल का, याची.

दहावीची परीक्षा जवळ आली. मी पास झाले की शिकायला बाहेरगावी जाणार, हे ठरलेलं.

एका सकाळी माझी वेणी घालता घालता अक्का म्हणाली, "मंगे, एक सांगू? यंदा नापास व्हय. एकच वरीस."

मी हसले. ती हसली नाही.

मग तिने वेणी घट्ट ओढली. "मस्करी करू रायली मी. वाच गुपचूप."

मी पास झाले. फर्स्ट क्लास. अक्का चुलीपुढे बसून रडली, पदर तोंडात कोंबून. जिजी शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "पाहा, बहिनीवर कसा जीव हाये तिचा."

जीव होताच. पण ती कशाला रडत होती, हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.

मी धुळ्याला डी.एड.ला गेले. पुढे नोकरी, पुणे, सगळं.

मध्ये खूप वर्षं गेली. जिजी गेल्या. अक्काला सून आली. ती स्कूटीवर शाळेत शिकवायला जाते. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, "अक्का, चल आता माझ्याकडे. महिनाभर राहा. आपण रेल्वेने जाऊ."

सून म्हणाली, "जा ना मम्मी, खरंच जा."

अक्काचं तोंड उजळलं. ट्रंकेतून एक साडीही काढली तिने.

मग साडी हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि मला हळूच विचारलं,

"पन मंगे, काय सांगून येऊ?"

मी म्हटलं, "कुणाला सांगायचंय आता?"

साडी तिने परत घडी करून ठेवली.

अक्का, मी निघाले आहे. संध्याकाळपर्यंत तुझ्याजवळ पोचते.

नमस्कार गं तुला. तुझी मंगी.